उड्या मारणाऱ्या गाई

गोठ्याच्या दारातल्या, गाईंची खुरं औषधात बुडवायच्या हौदाशी वहिनी पोचल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धाकट्या दिराने आजही फॉर्मलीन, ते उग्र वासाचं जंतुनाशक, दुप्पट ओतलं होतं.

“अहो भावोजी, डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलंय! खुरांना जखमा आहेत तोवर फॉर्मलीन नको. आग होते त्यांना.”

“झोंबल्याशिवाय औषध लागू पडतं का, वहिनी?”

तेवढ्यात पुढची गाय हौदाशी थबकली, तिने वास घेतला आणि सरळ उडी मारून ती पलीकडे गेली. बाकीच्याही तिच्यामागे धडपडत उड्या मारू लागल्या.

“बघा! लंगडी गाय अशी उडी मारेल का?” भावोजी खूश झाले.

वहिनींनी कपाळावर हात मारला. त्यांनी फॉर्मलीनचा कॅन कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली. डॉक्टरांनी सांगितलेली झिंक सल्फेटची पावडर मापून पाण्यात कालवली. संध्याकाळी गाई खुरं बुडवत निवांत त्यातून चालत गेल्या.

पुढे जखमा भरल्या, लंगडणं थांबलं. भावोजी मात्र येईल त्या पाहुण्याला सांगत, “सुरुवातीला मी जोरदार डोस दिला ना, म्हणून!”