पिकू घातलेलं देणं

मंगळवारी माइग्वालिदाच्या पर्समध्ये अठरा हजार पेसो होते, तिच्या कार्डाचं दुकान वाटेवरच होतं आणि हप्त्याची शेवटची तारीखही तीच होती. तरी ती भरणा खिडकीवरून सरळ पुढे निघून गेली. यात आळस नव्हता. शहाणपणा होता. निदान तिच्या मायदेशी, माराकाइबोत तरी याला शहाणपणाच म्हणत.

तिकडे तिच्या बापाने, एउदोमारने, बस चालवता चालवता कार्डावर फ्रीज घेतला होता. चोवीस हप्ते. पहिल्या हप्त्याला घरातल्यांच्या पोटाला चिमटा बसला; दहाव्याला फक्त एक कोंबडी कमी आली; आणि शेवटचा भरायला तो बँकेत गेला, तेव्हा जाण्यायेण्याचं भाडं हप्त्याहून जास्त झालं होतं. महागाईने पैशाचाच भुगा केला होता. "देणं आंब्यासारखं असतं पोरी," तो म्हणायचा, "हिरवं असताना हात लावू नये. पिकू द्यावं, आपोआप गळतं." फ्रीज अजून चालत होता. म्हणजे वीज असली की.

हे तत्त्वज्ञान सामानात बांधून माइग्वालिदा चिलीतल्या सांतियागोला आली आणि एदेल्मिराबाईंच्या बेकरीत पाव तोलायला लागली. कार्ड मिळायला मात्र तीन वर्षं गेली. तीन बँकांनी तिला एकच गोष्ट सांगितली: तुम्ही इथे कधी कर्ज घेतलेलं नाही, म्हणून तुम्हाला कर्ज देता येत नाही. चौथ्या वर्षी एका मोठ्या दुकानात ती तवा घ्यायला गेली, तर गल्ल्यावरच्या मुलीने ओळखपत्र मागून तव्याबरोबर कार्डही हातात ठेवलं. दोन लाखांची मर्यादा. कुठेही चालणारं.

या देशात टूथपेस्ट घेतली तरी गल्ल्यावर विचारतात, "किती हप्ते?" इथली माणसं दोन म्हणतात, तीन म्हणतात. माइग्वालिदा छाती काढून म्हणायची, "जास्तीत जास्त किती आहेत तुमच्याकडे?" तारीख उलटल्यावर चार-पाच दिवसांनी भरायची. थोडा दंड लागायचा, एक फोन यायचा. अशी गिऱ्हाइकं दुकानांना फार आवडतात. त्यांनी मर्यादा वाढवत वाढवत पाच लाखांवर नेली. त्या चार-पाच दिवसांत कार्ड बंद असतं, हे तिला कधी कळलंच नाही, कारण त्या दिवसांत तिने ते कधी वापरलंच नव्हतं.

बरं, हे शहाणपण गुपचूप ठेवावं की नाही? बेकरीच्या काउंटरवर उभं राहून ती गल्ल्यावरच्या मिरेयाला धडे द्यायची. "तू तारखेच्या आधी भरतेस? अगं, मग त्या बँकवाल्याने तुझ्यावर प्रेम तरी कशाला करावं!" मिरेया हसायची. आतल्या खोलीत चष्मा नाकावर घेऊन पिठाच्या पोत्यांचा हिशेब करणाऱ्या एदेल्मिराबाई हसायच्या नाहीत. पण ऐकायच्या.

आता एउदोमार एकाहत्तर वर्षांचा होता. काचबिंदूने त्याचा डावा डोळा गेला होता, उजवा जायच्या वाटेवर होता. शेजारीण जेवण आणून द्यायची, ती पुढच्या महिन्यात ब्राझीलला निघाली होती. दोन वर्षं खेटे घातल्यावर त्याला लेकीकडे येण्याचा व्हिसा मिळाला होता, पण त्यावर एक तारीख होती: तीस, रविवार. तोवर चिलीत पाऊल पडलं तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून रांगेत. माइग्वालिदाने गेले काही महिने कार्ड रिकामं ठेवलं होतं ते त्याच्या तिकिटासाठी. सात लाखांचं तिकीट उतरायची वाट बघत बघत तिने ते अगदी गळ्याशी आणलं. गुरुवारी सकाळी ते चार लाख ऐंशी हजारांवर उतरलं. शनिवारचं विमान, बोगोतामार्गे. तिने तिथेच, पाव तोलता तोलता, फोनवर कार्डाचा नंबर टाकला.

नाकारलं.

पुन्हा टाकला. पुन्हा नाकारलं.

एप्रन न काढताच ती दुकानात धावली. खिडकीतल्या मुलीने पडद्यावर पाहिलं.

"सेन्योरा, तुमचे अठरा हजार थकलेत. परवापासून."

"हे घे. आत्ता घे. वर दंडही घे."

मुलीने घेतले, पावती दिली. "झालं. सोमवारी कार्ड सुरू होईल."

"सोमवारी? पैसे तर तुझ्या हातात आहेत!"

"माझ्या हातात आहेत, सेन्योरा. सिस्टिममध्ये नाहीत. कामकाजाचे दोन दिवस लागतात."

"मुली, माझा बाप रविवारपर्यंत इथे पोचला नाही तर आंधळा होऊन तिथेच राहील. कुणाला तरी फोन लाव. तुझ्या साहेबाला लाव."

मुलीने खरंच फोन लावला. बिचारीने दोनदा लावला. मग मान हलवली आणि माइग्वालिदाच्या मागच्या माणसाला म्हणाली, "पुढे या."

पावती कशाची होती ते तिने रस्त्यात वाचलं. पुरुषांचा लोकरी कोट, हप्ता बारावा, शेवटचा. सांतियागोच्या थंडीसाठी बापाला घेतलेला कोट. वर्षभर कपाटात लटकत होता.

तिच्या खात्यात एक लाख सत्तर हजार होते, आणि त्यातच घरभाडं होतं. बाकीसाठी एकच वाट उरली होती. या शहरात माणसं एकमेकांना कार्ड उसनं देतात. तुझ्या कार्डावर माझी खरेदी, हप्ते मी तुला आणून देते. पण कुणालाही देत नाहीत.

"मिरेया, तुझं कार्ड..."

मिरेयाने सुटे मोजणं थांबवलं नाही. "माइगा, मी दिलं असतं गं. पण नवरा विचारेल, हप्ते कोण भरणार? मी म्हणेन, माइगा. तो म्हणेल, ती पिकू घालणारी?"

"मी तुला कधी बुडवेन का?"

"तू कुणाला बुडवत नाहीस. तू फक्त वेळेवर देत नाहीस. तूच सांगतेस की, रोज, किलोच्या भावात."

सहा वर्षांत या काउंटरवर माइग्वालिदाने हजारो किलो पाव विकला होता आणि त्याबरोबर स्वतःची पत, फुकट. कुणाला विचारावं? जे ओळखीचे होते त्या सगळ्यांनी तिचे धडे ऐकले होते. जे ओळखीचे नव्हते ते कशाला देतील? फोनवर तिकिटाखाली लाल अक्षरं आली: या भावात दोनच जागा शिल्लक.

ती आतल्या खोलीत गेली. एदेल्मिराबाईंनी वर न बघता विचारलं, "काउंटर कोण बघतंय?"

"सेन्योरा, तुमच्या पाया पडते."

"उठ. पीठ लागेल." त्यांनी चष्मा काढला. "मी बहिरी नाही, सगळं ऐकलंय. बावीस वर्षं माझ्याकडे कार्ड आहे. एक दिवस उशीर नाही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा आधी हप्ता भरून मग स्मशानात गेले. आणि ते मी तुझ्या हातात देऊ?"

"नका देऊ हातात. तुम्हीच टाका नंबर. माझ्याजवळ एक लाख सत्तर हजार आहेत, ते आत्ता घ्या."

"घरभाडं आहे ते."

"घरमालकाचं मी बघते."

"म्हणजे त्याचं पिकू घालणार."

माइग्वालिदा गप्प राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता, आणि तिने ते पुसलंही नाही. सहा वर्षांत एदेल्मिराबाईंनी तिला बडबडताना पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं. गप्प पहिल्यांदाच पाहत होत्या.

"एक लाख सत्तर माझ्याकडे ठेव," त्या शेवटी म्हणाल्या, "अनामत. सहा हप्ते, बिनव्याजी. ऐंशी हजार, दर महिन्याच्या एक तारखेला. बँकेची तारीख दहा आहे, पण तुझी एक. शेवटचे दोन अनामतीतून वळते करेन, उरलेले दहा हजार परत. आणि हप्ते फिटेपर्यंत रविवारची सकाळ तू उघडायचीस, सहा वाजता, निम्म्या मजुरीत. कबूल?"

"निम्म्या?"

"मग मिरेयाच्या नवऱ्याला विचार."

"कबूल."

एदेल्मिराबाईंनी कपाट उघडलं, डबा काढला, डब्यातून पाकीट, पाकिटातून रुमाल, रुमालातून कार्ड. भिंग लावून एकेक आकडा वाचला. पडद्यावर घड्याळ उलटं चाललं होतं: चार मिनिटं. बँकेने बाईंच्या फोनवर गुप्त अंक पाठवले. फोन सापडेना. पोत्याखाली नाही, गल्ल्याजवळ नाही, भट्टीपाशी नाही. माइग्वालिदा गुडघ्यांवर बसून पिठात हात घालत होती. एक मिनिट. वेळ संपली, पान मिटलं.

पुन्हा उघडलं. एकच जागा. पाच लाख चार हजार.

"चोवीस हजार वाढले!" एदेल्मिराबाई ओरडल्या, जणू त्यांच्याच खिशातून गेले. फोन त्यांच्याच एप्रनमध्ये होता. अंक त्यांनी स्वतः दाबले, माइग्वालिदाला दिसू नयेत म्हणून हात आडवा धरून. "हे चोवीस तुझे. हप्ता चौऱ्याऐंशी. माझ्या फोनचे पैसे लावत नाही, हे उपकार समज." अनामतीतून परत मिळायचे दहा हजार मात्र आता दोन हजारांवर आले होते, हे दोघींनीही मनातल्या मनात एकाच वेळी मोजलं.

पडदा फिरत राहिला. फिरत राहिला. मग हिरवा झाला.

माइग्वालिदा पोत्यावर बसली. तिला हसू यायला हवं होतं. तिच्या डोक्यात फक्त रविवार मोजले जात होते. सव्वीस.

शनिवारी विमानतळावर एउदोमार चाकाच्या खुर्चीतून आला. त्याने तिचा चेहरा बोटांनी चाचपला, मग तिने त्याच्या अंगावर घातलेल्या कोटाची बाही चाचपली.

"लोकर आहे," तो खूश होऊन म्हणाला. "किती पडलं गं सगळं?"

"काही नाही, पापा. कार्डावर घेतलं तिकीट."

"शाब्बास! किती हप्ते?"

"सहा."

"सहाच?" म्हाताऱ्याने दिसणारा डोळा तिच्याकडे वळवला. "छत्तीस नव्हते? आणि बघ हं, पहिला लगेच नको भरूस. दोन-तीन महिने पिकू दे."

"हो पापा," माइग्वालिदा म्हणाली आणि खुर्ची ढकलायला लागली. उद्या रविवार होता. सहा वाजता बेकरी उघडायची होती.