भरल्या पोटी उपासमार

तपासणीच्या शेडमध्ये टेबलावर मेलेली हरिणी होती. वनखात्याचे साहेब तिच्या चिरलेल्या पोटाकडे बोट दाखवून पत्रकारांना सांगत होते, "बघा, गवताने टम्म भरलंय! म्हणे उपासमार!"

डॉक्टरीणबाई कोपऱ्यात करवत पुसत होत्या. साहेब म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस अंगाने भरलेला आणि डोक्याने ठणठणपाळ, हे त्यांनी पहिल्या भेटीतच ताडलं होतं.

दर हिवाळ्यात हरणं झुडपांचे कोंभ खायला खालच्या दरीत उतरत. यंदा दरीतल्या बागवाल्यांच्या तक्रारीवरून साहेबांनी वाटेवरचं फाटक लावून घेतलं आणि वर बर्फात वाळल्या गवताच्या पेंढ्या टाकल्या. शेजारी फलक, फलकावर साहेबांचा फोटो. भुकेल्या हरणांनी गवत खाल्लं. पण त्यांच्या पोटातले जंतू काड्याकोंभांना सरावलेले. गवत पचवायची सवय लागायला आठवडे जातात. तोवर ते नुसतं पडून राहतं. पोट भरतं आणि हरीण मरतं.

पत्रकार गेले. बाईंनी मांडीचं हाड कापायला घेतलं.

"आता हे कशाला, ताई? पोट बघितलंत ना?"

"शरीरातली सगळी चरबी संपली की शेवटी हाडातल्या मज्जेतलीही संपते, साहेब. धडधाकट हरणाची मज्जा पांढरी असते, मेणासारखी घट्ट. ही बघा."

आतून लाल, पातळ चिकटा ओघळला.

साहेब वाकले. "लाल आहे. म्हणजे रक्त भरपूर. चांगलंच की!"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बरणीतल्या नमुन्याकडे त्या यापेक्षा आदराने बघत.

"उरलेली हरणं फाटकापाशी बसून आहेत. आज उघडलं नाहीत तर ती उठायची नाहीत."

"म्हणजे योजना फसली म्हणू? घरच्या माणसाचं नाक कापायला निघालात?"

"नाक राहू द्या. मला कापायला हाड पुरे."

साहेब येरझाऱ्या घालू लागले. एकाएकी चेहरा उजळला. "असं म्हणू या. आमच्या चाऱ्याने हरणं सशक्त झाली, म्हणून आता मोकळी सोडतोय!"

एवढा बिनदिक्कत मूर्खपणा क्वचितच बघायला मिळतो. खोडून काढायला मिनिटही लागलं नसतं. पण मग साहेब रुसले असते आणि फाटक तसंच राहिलं असतं.

"म्हणा," बाई म्हणाल्या. "पण आधी उघडा. मी बघायला येते."

फाटक उघडलं. हरणं एकामागून एक उठली, लटपटत दरीकडे गेली. दोन उठलीच नाहीत. साहेबांनी त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढून घेतला.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, यांची मुलाखत बघितलीस? हरणांचा पोशिंदा म्हणाले यांना!"

"बघितली."

"मग? कौतुकाचा एक शब्द तरी बोल की!"

"पोशिंद्याला निरोप दे. बर्फ वितळायच्या आत ते फाटक पुन्हा लागलं, तर पुढची मुलाखत मी देणार."

"तू पण ना, ताई!" बहीण खळखळून हसली.

बाई हसल्या नाहीत. "अक्षर न अक्षर सांग," म्हणाल्या आणि ती पलीकडे निरोप सांगेपर्यंत फोन कानाला लावून थांबल्या.