बिनकार्डाचा कॅमेरा

लॅकलन पाइक हा चित्रपट दिग्दर्शक आहे, याचा पुरावा म्हणून त्याच्याकडे एक हॅट, एक घडीची खुर्ची आणि एक कॅमेरा होता. ऑस्ट्रेलियातल्या मिरिलाँगसारख्या गहू पिकवणाऱ्या गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. जानेवारीच्या आरंभी त्याने सभागृहात जाहीर केले की, लोकांना गंडवणाऱ्या एका म्हातारीवरचा विनोदी चित्रपट तो इथेच काढणार आणि नट गावातलेच घेणार. खर्चासाठी पबमध्ये तिकिटे विकून गोठवलेल्या कोंबड्यांची सोडत ठेवायची आणि जमलेले पैसे एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे, असे ठरले. डबा अर्थातच दिग्दर्शकाच्या खोलीत राहणार होता. कलेला असे संरक्षण लागते.

म्हातारीची भूमिका माझ्या पत्नीला, ग्लेनिसला मिळाली. गावच्या नाट्यमंडळात ती छत्तीस वर्षे पडद्याआड बसून इतरांना विसरलेली वाक्ये सुचवत आली होती. रंगमंचावर तिला कोणी बोलावले नव्हते आणि, खरे सांगायचे तर, तसे मीही कधी सुचवले नव्हते.

मी निवृत्तीपूर्वी एकतीस वर्षे तंत्रशाळेत विद्युत विषय शिकवला. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. चित्रीकरणाच्या पहिल्या दुपारी सगळे सावलीत सॉसेज भाजत असताना मी कॅमेऱ्याचे झाकण उघडले. मेमरी कार्डाची खाच रिकामी होती. सकाळभराचे चित्रण कशावरही उमटलेले नव्हते.

मी ताबडतोब बोलायला हवे होते. पण पलीकडे ग्लेनिस गावचा खाटीक नेव्हिल याच्याकडून, म्हणजे चित्रपटातल्या बँक व्यवस्थापकाकडून, तालीम करून घेत होती.

"नेव्हिल, मी तुला लुटते आहे. जरा लुटल्यासारखा तरी दिस."

"मी गिऱ्हाइकांना लुटतो, बाई. उलट्या बाजूची सवय नाही मला."

ती इतक्या मोकळेपणाने हसली की मी झाकण लावून टाकले. घरून माझे कार्ड आणून खाचेत बसवले. पुढे रोज सकाळी क्रमांक घातलेले एक कार्ड आत आणि रोज संध्याकाळी ते बाहेर, असा क्रम मी पाळला. पाइकला पत्ता लागला नाही. आपल्या कॅमेऱ्यात काही चित्रित होत असेल, अशी शंका येणे त्याच्या व्यवसायात बसत नव्हते.

बाराव्या दिवशी तो संकलनासाठी सिडनीला गेला. डबाही संकलनासाठी गेला. खुर्ची मात्र मागे राहिली.

"फोन करेल," ग्लेनिस म्हणाली, आणि भूमिकेसाठी लावलेला केसांचा लाल रंग तिने तसाच ठेवला. आपण अकरा दिवस एका भामट्याच्या बिनकार्डाच्या कॅमेऱ्यापुढे नाचलो, हे तिला कधीच कळता कामा नये, एवढे मी ठरवले.

मी पुस्तिका वाचून संकलन शिकलो. चित्रपट वाईट होता. दरोड्याच्या प्रसंगात तीन मिनिटे केवळ गुडघे दिसत होते. कथानक मध्येच कुठे गेले, हे कथानकालाही ठाऊक नसावे. पण नटांनी तो असा उचलून धरला होता की गुडघ्यांवरही हसू यावे. नवव्या कार्डावर मात्र पाइकचा फोनवरचा आवाज होता. "अजून दोन दिवस. हे म्हातारे काहीही गिळतात रे. ती हिरोईन तर स्वतःला खरंच नटी समजायला लागलीय." ऐकताक्षणी मी ती चाळीस सेकंदे कापून टाकली.

मार्चमध्ये सभागृहात खेळ झाला. चित्रपट पाइकने टपालाने पाठवला, असे मी सर्वांना सांगितले. गाव पोट धरून हसले. नंतर सभागृहाच्या स्वयंपाकघरात ग्लेनिस कप धूत होती आणि मी पुसत होतो. नेव्हिल उरलेले केक संपवत होता.

"टपालाने आला म्हणे," ग्लेनिस म्हणाली.

"हो. जाड पाकिटातून."

"मर्व्ह, खोटं बोलताना तू एकच कप दोनदा पुसतोस."

मी तो तिसऱ्यांदा पुसत होतो.

"खाच रिकामी आहे, हे मी तुझ्या आधी पाहिलं होतं. तू झाकण उघडून उभा राहिलास, तेव्हा आता हा काय करतो, ते बघत होते."

"मग अकरा दिवस अभिनय कुणासाठी केलास?"

"पाइकसाठी. एवढ्या हुशार माणसाला अकरा दिवस पटवायचं की आपण बावळट आहोत. करून बघ कधी."

"आणि डबा?"

"तो निघायच्या सकाळी बदलला, मास्तर," नेव्हिल म्हणाला. "दुसऱ्या डब्यात दोन गोठवलेल्या कोंबड्या घातल्या आणि झाकण डाग देऊन पक्कं बंद केलं. पैसे सभागृहाच्या छपराच्या दुरुस्तीला दिले."

सिडनी गाडीने आठ तास. त्या दिवशी तापमान बेचाळीस अंश होते.

"फक्त एक सांग," ग्लेनिस म्हणाली. "नवव्या दिवशीचा तो फोन कुठे गेला? माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं."

मी आवाज ऐकून तुकडा कापला होता. चित्र पाहिलेच नव्हते. एकतीस वर्षे मी विद्यार्थ्यांचे याच चुकीसाठी गुण कापत आलो.

पुढच्या शनिवारच्या खेळात ती चाळीस सेकंदे जागेवर होती. पाइक दिसत नाही, नुसता ऐकू येतो. चौकटीच्या कडेला ग्लेनिस त्याची हॅट हातात घेऊन उभी आहे आणि तिच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ बावळटपणा आहे की हशाने सभागृहातल्या खुर्च्या हलल्या. मी शेजारी पाहिले. अंधारात तिचे ओठ हलत होते, पाइकच्या प्रत्येक शब्दाच्या किंचित आधी.