मनगटाजवळचं नाव

नेत्राने रत्नप्रभाबाईंच्या हाताभोवती पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलं आणि काळा मार्कर उचलला. जुनं गोंदण आधी प्लॅस्टिकवर उतरवून घ्यायचं, मग ते कापून टेबलावर पसरायचं आणि मोकळ्या जागेत खांद्यापासून खाली येणारा अबोलीचा वेल बसवायचा, अशी तिची पद्धत होती. कोपराखालचं तुळशीवृंदावन तिने काळ्याने गिरवलं. त्याच्या बाजूचे ठिपकेही. मनगटाजवळ आल्यावर मात्र तिने मार्कर बदलला.

दाराजवळच्या स्टुलावर बसलेले चंद्रप्रकाश पुढे झुकले. मनगटाजवळ त्यांचं नाव होतं.

"लाल कशाला?"

"लाल म्हणजे अजून नक्की नाही, काका. काकू दर गुरुवारी येऊन बघतात, ठेवायचं का झाकायचं."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचं वाघाचं चित्र बघत होती.

'जुनं झाकता येईल ना गं?' हे वाक्य त्यांनी तिला स्वयंपाकघरात फोनवर बोलताना ऐकलं होतं. त्यानंतर दर गुरुवारी ती भजनाला म्हणून बाहेर पडू लागली, पण टाळ घरीच राहू लागले. सरळ विचारावं, असं त्यांना रोज वाटे. मग वाटे, आपलंच ऐकण्यात चुकलं असेल तर? आणि चुकलं नसेल तर? आज ते बोरीवली स्टेशनच्या पुलावरून तिच्या मागे मागे आले. तिने या टॅटू स्टुडिओच्या जिन्यावरूनच वळून हाक मारली होती, "या आता वर. खाली काय उभे राहताय?"

"मला आधी सांगायचं तरी," ते म्हणाले.

"कुणाला? पुलावर खांबाआड उभे होते त्यांना?"

नेत्रा हसली आणि मग उगाच सुईची पेटी नीट लावू लागली.

"नाव आहे ते. झाकतात का कधी नाव?"

"मी घातलेलं नाही. तुमच्या आईने जत्रेत माझा हात धरून बसवलं. मी रडत होते." तिने मान वळवली. "तुम्ही होतात ना तिथेच."

ते होते. वडाच्या सावलीत पुस्तक उघडून बसले होते. एकदा त्यांनी मान वर केली होती, हेही त्यांना आठवत होतं.

"काकू, ठेवलं तर वेल इथून वळवते," नेत्रा मध्येच म्हणाली. "झाकलं तर वर मोठं पान येईल. एकदम डार्क लागेल, नाहीतर जुनी शाई खालून दिसते."

चंद्रप्रकाश उठले. चष्मा वर सारून त्यांनी तिच्या मनगटाजवळ डोळे नेले. इतक्या वर्षांत शाई पसरून अक्षरं एकमेकांत शिरली होती. ओल्या कागदावरच्या छपाईसारखी.

"वाचताच येत नाही," ते पुटपुटले.

"माका येता," ती म्हणाली.

त्या आवाजात माया होती की तक्रार, त्यांना कळेना. तोंडात आलेला 'ठेव' हा शब्द त्यांनी गिळला.

"काढा ते मोठं पान नावावर," ते नेत्राला म्हणाले. "हिला हवं तसं होऊ दे."

"मला काय हवंय, ते तुम्हाला काय माहीत?"

नेत्राने लाल मार्करला टोपण लावलं. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"नाही माहीत," चंद्रप्रकाश म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "काय हवंय तुला?"

रत्नप्रभाबाईंनी प्लॅस्टिकमधला हात मांडीवर घेतला, उजेडाकडे फिरवला, पुन्हा फिरवला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."

चंद्रप्रकाशांनी दाराजवळचं स्टूल उचललं, बायकोच्या शेजारी आणून ठेवलं आणि हाताकडे न बघता बसून राहिले.