ट्यूबलाइटमधला निळा

डाईंग मास्तरांना खोट्या माणसापेक्षा खोटा रंग जास्त झोंबायचा. तीस वर्षं कापड रंगवलं, पण एक तुकडा कधी दिव्याखाली पास केला नाही. खिडकीशी न्यायचा, दिवसाच्या उजेडात नमुन्याशेजारी धरायचा, मगच मान हलवायची. कारखाना बंद पडला आणि मास्तर घरी बसले. मुलगी कॉलेज सोडून कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहू लागली. आता एका कंपनीत मास्तरांची मुलाखत ठरली होती; ही नोकरी मिळाली तरच ती परत कॉलेजात जाणार होती.

म्हणून त्यांनी मेहुण्याची शिकवणी निमूट ऐकली. मेहुणा एका जागी कधी वर्षभर टिकला नव्हता, त्यामुळे मुलाखतींचा अनुभव दांडगा.

"दाजी, तुमचा दोष काय, हे विचारणारच. खरं सांगाल तर मेलात. म्हणायचं, मला काम अगदी बिनचूक लागतं, हाच माझा दोष."

"हा दोष आहे?"

"नाही ना! म्हणून तर सांगायचा."

मुलाखतीच्या खोलीत जाड पडदे ओढलेले. ट्यूबलाइटखाली दोन साहेब आणि एक बाई, तिघांच्या अंगात कंपनीचे नवे निळे कोट. दोषाचा प्रश्न विचारतानाच मोठ्या साहेबांना जांभई आली. आधीचे सहाही उमेदवार बहुधा बिनचूकच निघाले असावेत. मास्तरांनी पाठ केलेलं उत्तर म्हणून टाकलं. तिघांनी गंभीरपणे लिहून घेतलं. एवढ्या पगाराची माणसं आणि असल्या थापेला भुलतात! मास्तरांनी मनातल्या मनात तिघांना एका दमात निकालात काढलं.

मग उकडतंय म्हणून बाईंनी पडदा सारला. ऊन आत आलं आणि मास्तर खुर्चीतून अर्धे उठलेच. तिन्ही कोट निळे, तिन्ही कॉलर हिरवट.

"ह्या कोटांची शेड कोणी पास केली, साहेब?"

"मी. इथेच बसून," मोठे साहेब म्हणाले. "का? कशी आहे?"

ह्या गाढवाला खिडकीशी ओढत न्यावं, असं मास्तरांच्या हाताला वाटलं. पण डोळ्यांपुढे मुलीच्या सुजलेल्या पोटऱ्या आल्या.

"छान आहे. एकदम जुळलीय."

साहेबांची जांभई पळाली. पारखी माणूस, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. जिना उतरताना मास्तरांना त्या तिघांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

पहिल्या दिवशी त्यांनाही तसाच कोट मिळाला. संध्याकाळी ऊन असतानाच ते तो घालून घरी आले. दारात मुलगी कॉलेजच्या वह्यांना कव्हरं घालत बसली होती. लहानपणी बापाशेजारी खिडकीशी उभं राहून तुकडे जुळवलेली पोर ती.

"बाबा, कॉलर हिरवी मारतेय."

"दिसतंय मला."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

मास्तरांनी चपला काढल्या.

"आत चल," ते म्हणाले. "दिव्याखाली बघ. बरा दिसतो."