सूर्यपेटीला तीट

"ही ओढणी कुणी घातली हिच्यावर?" टांग्यातून उतरता उतरताच शालिनी ओरडली.

खेड्यातल्या रामकलीच्या अंगणात आमची सूर्यपेटी होती आणि तिच्यावर चांगली जाड ओढणी पांघरलेली. आमची म्हणजे सरकारची. लाकडी पेटीत दुसरी पेटी, मध्ये भुसा, आत काळा पत्रा, वर काच. उन्हात ठेवली की खिचडी शिजते. माझी ही बायको मध्यभारत सरकारच्या नोकरीत. ग्वाल्हेरभोवतीच्या खेड्यांत बायकांना शिकवायची की गोवऱ्या जाळू नका, शेणाचं खत करा आणि स्वयंपाक उन्हावर करा. घरी जेवतानासुद्धा शेणखतच! मी पार विटलो होतो, पण बोलायची सोय नव्हती.

आज तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश होणार होता, खातं भोपाळला चाललं होतं आणि त्याबरोबर पेटीही. माझे वडील, नाना, अंथरुणाला खिळलेले. त्यांना सोडून शालिनी कुठली जाते! तिने राजीनामा दिला होता. पेटी उचलायला म्हणून मला सोबत घेतलं होतं.

"एका तरी बाईने आपल्या हाताने खिचडी केली ना, की मी खुशीने घरी बसेन," वाटेत ती म्हणाली होती. आजवर हीच शिजवायची आणि बायका नुसत्या बघायच्या. म्हणून मागच्या खेपेला तिने पेटी रामकलीकडेच ठेवली होती.

"कच्चा रह जाता है, जिज्जी," रामकली म्हणाली.

"ओढ़नी डालोगी तो क्या पकेगा, मेरा सिर?"

"काँच में से सब दिखता है. रस्ते चलते लोग देखें, खाने को नजर लग जाए. घर में बच्चे हैं हमाए."

मला हसू फुटलं. शालिनीने अशी काही नजर टाकली की मी खोकलोच. आता ही भाषण ठोकणार, असं मला वाटलं. पण ती रामकलीच्या कडेवरच्या पोरीकडे बघत होती. पोरीच्या गालावर काजळाची तीट होती. शालिनीने काजळ मागितलं आणि काचेच्या कोपऱ्यात बोटाने ठसठशीत तीट लावली.

"लो, अब किसकी नजर लगेगी?"

रामकली खो खो हसली. ओढणी काढली, डाळ-तांदूळ धुतले, भांडं स्वतः आत ठेवलं.

"पाणी कमी आहे, सांग ना तिला," मी पुटपुटलो.

"तुम्ही तर बोलूच नका. तिची खिचडी आहे."

दुपारी काच उघडली. खिचडी जरा फडफडीत, पण शिजलेली. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली.

मग आम्ही पेटी टांग्यात चढवली. परतताना ग्वाल्हेरातलं इंदरगंज आल्यावर शालिनी म्हणाली, "एकदाच केली हो तिने. आता पेटीच नाही, तर पुढे काय?"

जीव तुटला माझा.

त्या हिवाळ्यात ती नानांचं सगळं करायची, सिगडीवर रांधायची. जेवताना शेणखताचा शब्द नाही. खरं सांगतो, मला करमेना.

एका सकाळी दारात रामकली उभी. मागे तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर घरीच ठोकलेली लाकडी पेटी. रामकलीने गोधडीत गुंडाळलेली काच छातीशी धरलेली.

"भूसा कित्ता भरें, जिज्जी?"

शालिनी गोंधळलीच. "अगं, पण... मैं अब सरकार की नहीं रही, रामकली. नौकरी गई."

"सरकार पेटी ले गई," रामकली म्हणाली. "जिज्जी थोड़े ही ले गई."

शालिनीच्या डोळ्यांना धार लागली. माझं काही वेगळं नव्हतं, म्हणून मी चहाचं आधण ठेवायला आत वळलो. बाहेर आलो तेव्हा तिने पदर खोचला होता आणि दारातल्या उन्हात काच धरून, कुठे तडा तर नाही ना, हे ती बघत होती.

"बैठो," ती म्हणाली. "शुरू से बताती हूँ."