दोन बोटं माया

मी एक जुनी कात्री आहे. म्हातारी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण बोथट म्हणू नका. आधी बोट पुढे करा आणि मग बोला.

मित्रांनो, मला लोहाराने ऐरणीवर ठोकून घडवलं. हल्लीच्या पोरींसारखी मी रंगीत प्लास्टिकच्या मुठी घालून दुकानात लटकत नव्हते. माझा भार असा, की नवख्याचं मनगट संध्याकाळी रडतं. शाळा मी पाहिलेली नाही. आकडे त्या टेपला येतात. ती गळ्यात पडून मिरवते आणि दिसेल त्या कमरेला मिठी मारते. मला फक्त खडूची रेघ कळते आणि कापडाचा पोत कळतो. तेवढ्यावर मी एक घर पोसलं.

माझी मालकीण बायकांचे कपडे शिवते. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांची गोणी आणि भिंतीवरच्या खिळ्याला मी. मला कागद लावायचा नाही, सुतळी लावायची नाही. माझ्याशी खेळलात तर हात मोडीन, असं मालकिणीने घरात सगळ्यांना बजावलेलं होतं. बाई कडक, पण तिला माझी किंमत होती.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढे सगळं तिथेच अडलं. रेघ मारली म्हणून रेघेवर कापायचं नसतं. रेघेबाहेर दोन बोटं कापड सोडायचं. ते शिवणीच्या आत दुमडून राहतं, बाहेर दिसत नाही. पुढे अंग भरलं की शिवण उसवायची आणि आतलं कापड बाहेर घ्यायचं. कपडा पुन्हा अंगाला येतो. या सोडलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. माया न ठेवलेला कपडा दिसायला देखणा आणि टिकायला फुकट.

मालकिणीला एकच मुलगी. लहानपणी गोल गरगरीत होती, म्हणून सगळे तिला गुंडी म्हणत. चिंध्यांत लोळायची आणि खिदळायची. ती मोठी झाली. एका लग्नासाठी तिचं माप घ्यायचं होतं. तिची आत्या तेव्हा दुकानात बसलेली होती. ही आत्या म्हणजे नुसतं तोंड, त्याला मागे माणूस जोडलेला. ती म्हणाली, "वहिनी, अख्खा तागाच गुंडाळा हिच्याभोवती. कापायची भानगडच नको." गिऱ्हाइकं हसली. मालकीणही हसली. गुंडीसुद्धा हसली. त्यानंतर मी तिला बरेच दिवस हसताना पाहिलं नाही.

पोरगी उतरू लागली. आधी गाल गेले, मग दंड. बायका कौतुकाने विचारायच्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग की. आणि मालकीण फुशारकीने सांगायची, माझी लेक म्हणजे माझ्या दुकानाची पाटी आहे, काहीही घाला, शोभतं. कपडे सैल झाले की ती लगेच आत घ्यायची. शिवण आत सरकली की जास्तीचं कापड आत गोळा होतं. गुंडी म्हणायची, टोचतं, कापून टाक. मालकिणीने एकेक करून तिच्या सगळ्या कपड्यांतली माया कापून टाकली. माझ्याकडे बघू नका. मी कापते. कुठे कापायचं ते हात ठरवतो.

मग त्या पोरीने जे केलं, त्याचा राग मला आजही आहे. जेवणाचं ताट ती दुकानात घेऊन यायची. अभ्यास करत खाते, म्हणायची. आई आत गेली की मला खिळ्यावरून काढायची आणि लोणी लावलेल्या पावाचे तुकडे करायची. तुकड्यांचे तुकडे, आणि त्यांचेही तुकडे. ते ताटात इकडून तिकडे ढकलायची, एखादा जिभेला लावायची आणि बाकी सगळं चिंध्यांच्या गोणीत. ज्या पात्यांनी नवरीमुलींची वस्त्रं बेतली, त्यांना लोणी! माझ्या स्क्रूत पावाचा भुगा बसला. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून कुडकुडायची आणि तिचे गळलेले केस माझ्यात अडकायचे. घरच्यांना काही दिसत नव्हतं. डोळे होते, तेही शोभेचेच.

एक दिवस पांढरं साटीन आलं, एका लग्नाच्या पोशाखाचं. मालकिणीने मला चालवलं आणि कापडावर तेलकट डाग उमटत गेला. तिने माझी पाती हुंगली. मग तिला गोणीवर मुंग्यांची रांग दिसली. तिने हात घातला. वाळलेला पाव, बुरशी धरलेला भात. ती गुंडीला ओढत घेऊन आली. अन्नाची नासाडी, गिऱ्हाइकाचं नुकसान, तोंडाला येईल ते बोलली. मारायला म्हणून तिने पोरीचा दंड पकडला. स्वेटरवरून पकडला, तरी बोटं दंडाभोवती फिरून एकमेकांवर चढली.

जिचं आयुष्य दंडाची मापं घेण्यात गेलं, तिला टेप लागली नाही. ती दंड सोडायला विसरली.

तिने पोरीला दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा आजार आहे, नखरा नव्हे. मालकीण त्यांच्याशीही भांडली म्हणे. माझ्या घरात कशाला कमी नाही, आजार कसला? तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता घरात हिचं माप घ्यायचं नाही आणि अंगावरून एक शब्द बोलायचा नाही. कौतुकाचासुद्धा नाही. आरशावर चादर पडली. टेप डब्यात गेली. मला त्याचा आनंद झाला, तो मी लपवणार नाही.

मग कापायच्या टेबलावर रोज ताटं मांडली जाऊ लागली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला लेक. मित्रांनो, बरं होणं म्हणजे काही गोड गोष्ट नाही. ताटं आपटली. शिव्या झाल्या. गुंडी आईला म्हणाली, तुला मी सुजलेली बघायचीय. आई म्हणाली, मला तू इथे बसलेली बघायचीय, घास उचल.

हळूहळू घास जाऊ लागले. पोरगी जरा सावरली, आणि एका दुपारी तिने हौसेने जुना निळा कपडा घातला. वर ठेवलेला डबा काढायला हात उचलला आणि काखेपासून खालपर्यंत टर्रकन शिवण गेली. आत्या नेमकी हजर. "चला, अंग धरलं म्हणायचं!" म्हणाली. तिला वाटलं, आपण चांगलंच बोललो.

गुंडीने त्या दिवशी ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मालकिणीने तो कपडा उलटा केला. शिवण उसवून वाढवायला आत बोटभरही कापड नव्हतं. आत्या त्या दिवशीही येऊन बसलेली होती. मालकीण तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "वन्सं, माझ्याकडे जाड दोरा आहे. तोंड शिवून घ्यायचं असेल तर बसा, नाहीतर निघा."

आत्या निघाली. मालकिणीने नवं कापड टेबलावर पसरलं. टेप काढली नाही, पोरीला उभी केली नाही. अंदाजाने रेघ मारली आणि मला उचललं. रेघेपासून दोन बोटं नाही, चांगली वीतभर लांबून मला चालवलं. मी एवढी उधळपट्टी जन्मात केली नव्हती.

गुंडी समोर थंड झालेलं ताट घेऊन बसली होती. ती म्हणाली, "एवढी माया? आत बोळा होईल."

"होऊ दे."

"चांगलं नाही दिसणार."

"कपड्याने तुझ्या मागे यायचं. तू त्याच्या मागे धावायचं नाही. उसवायला मी बसलेय."

गुंडीने ताट जवळ ओढलं. मग तिने पाव उचलला आणि एक तुकडा तोडला. लहानच होता. पण हाताने तोडला, मला मागितलं नाही.

आता घरात नवी हलकी कात्री आली आहे. मी खिळ्यावर गंजते आणि जाड कापड आलं की यांना माझी आठवण होते. ताटावरची भांडणं अजून संपलेली नाहीत. पण मित्रांनो, कुणाच्या अंगाकडे बघून जीभ चालवायची हुक्की आली तर आवरा. कापायचं काम माझं आहे आणि मलासुद्धा रेघेबाहेर कापायची शिस्त आहे.

त्या नव्या कपड्याची शिवण गेल्या महिन्यात उसवावी लागली. आत कापड होतं.